अर्ध्या तोंडाची मगर

बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानावर काढली मी तिला,
दोन मिक्सर आणि एका टेबलफॅनच्या हिशेबामागे.
पाठीला करवतीचे दाते, शेपूट पानाबाहेर गेलेलं.
फरसाणवाल्याचा जिगर म्हणाला, काका, हिला चालवू या,
आणि माझ्याच तडा गेलेल्या फोनने तिचा फोटो काढला.

मला वाटायचं, याला मुंबईचा स्टुडिओ लागतो,
कॉलेज लागतं, निदान एक मोठा कॉम्प्युटर.
जिगरने जबड्यात एक टिंब ठेवलं, कोपरात एक,
शेपटीत पाच. ही हिची हाडं, म्हणाला.
मग फोन मिक्सरच्या भांड्याला टेकवून,
"हवे मोढुं हलावो ने, काका."

मी तोंड हलवलं.
रावपुऱ्यातल्या सात फुटी दुकानात,
तांब्याच्या रिळांमध्ये, वार्निशच्या वासात
बिलबुकातली मगर बोलायला लागली,
फक्त उजव्या बाजूने.

गेल्या माघात एका सकाळी चूळ भरली
तर पाणी डावीकडून गळालं.
आरशातला माणूस मला अर्धाच ओळखत होता.
तेव्हापासून गिऱ्हाइकं माझ्या हातांकडे बघून बोलतात.
डावा डोळा पुरता मिटत नाही,
आणि जेवायला बसलो की आपसूक पाझरतो,
आमटी तिखट असो नसो.
डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले, याला नक्राश्रूच म्हणतात,
पुस्तकात तसंच नाव आहे.
शालन दवाखान्याच्या पायरीवर आधी हसली, मग नाही.
म्हणून मगर. विश्वामित्रीच्या पुलावरून
लोक वाकून बघतात, ती नव्हे.

जिगर ओशाळला. सेटिंग आहे, म्हणाला, मिरर,
एक बाजू दुसरीला उसनी देता येते.
बटण दाबलं.
मगर कानापर्यंत हसली
(मगरीचे कान दिसत नाहीत, पण हसली).
तेवढ्यात शालन डबा घेऊन आली.
पुन्हा लाव, म्हणाली. पुन्हा लावलं.
मग डब्याची कडी तिने
उगाचच दोनदा उघडली, दोनदा लावली.

नंतर रात्री शटर अर्धं ओढून मी एकटाच शिकलो.
भुवई किती वर, यापेक्षा
किती थांबून वर, यावर सगळं.
सव्वीस वर्षं वाइंडिंग करणाऱ्याला हे कळायला हवं होतं:
पंखा फिरण्याआधी क्षणभर गुणगुणतो,
त्या गुणगुणीवरूनच ओळखायचं, जीव आहे.
मगरीला मी तेवढा थांबा दिला, पापणी लवण्याआधी.
जिगरचा बाप कढईवरचा झारा हातात घेऊनच बघायला आला,
आणि तेल ओट्यावर ठिबकत राहिलं.

मिरर मी काढून टाकला.
गोष्ट साधीच आहे:
एका मगरीला घास घेताना रडू यायचं
आणि अख्ख्या नदीत कुणाचा विश्वास बसायचा नाही.
ॲपमध्ये अश्रू जोडीने मिळतात,
एका डोळ्यापुरता नाही मिळाला.
तो निळ्या रिफिलने काढला
आणि त्याला त्याचं वेगळं हाड दिलं.

आता खारीवाव रोडची धनीबेन
इस्त्रीला डोळे काढून घेऊन आली आहे.
विचारते, हिला रागावता येईल का,
पण आवाज न करता?
तिच्यासमोर फोन टेकवला
तर तिची एक नाकपुडी फक्त हलली.
पुरे, म्हटलं. इस्त्रीला तेवढं पुरे.

काल शालनच्या फोनमध्ये लाइटबिल शोधत होतो.
तिथे ती दुसरी सापडली, कानापर्यंत हसणारी,
चार सेकंदांची. जिगरकडून मागून घेतली असणार.
स्वयंपाकघरातून तिने विचारलं, मिळालं का?
नाही, म्हटलं,
आणि लाइटबिल शोधत राहिलो.